अंगणावरची पांढरी रेघ

आमच्या अंगणावरून मुंबई-गोवा रस्ता गेला. उगाच वाढवून सांगत नाही, खरोखरच गेला. पोलादपूरच्या बाजारातून जाणारा जुना खडीचा रस्ता रुंद करून त्यावर डांबर घालायचं ठरलं, तेव्हा आमचं अंगण तुळशीसकट त्यात गेलं. आणि ते घेतलं कोणी? माझ्या बापानंच. बाबा रस्त्याच्या गँगवर मुकादम होते. एका सकाळी ते काथ्याची दोरी आणि चुन्याची पाटी घेऊन आले, दोन गड्यांना दोरी ताणून धरायला लावली, आणि आमच्याच दारात आडवी रेघ मारून म्हणाले, "हितपर्यंत सरकारचं." आई ओटीवर उभी होती. ती एवढंच म्हणाली, "आनि तुळस?" बाबा म्हणाले, "तुळस उचल आनि ओटीवर ठेव. तिला काय, पानी मिळालं की झालं." आईनं तुळस उचलली, गळक्या डब्यात लावली आणि ओटीच्या कोपऱ्यात ठेवली. आमच्या घरात बोलायचं काम बाबांचं असे आणि बाकीची सगळी कामं आईची.

पण अंगण गेलं तरी आईचा सडा गेला नाही. पहाटे उठायचं, शेण कालवलेल्या पाण्याची बादली घ्यायची आणि जिथवर पूर्वी अंगण होतं तिथवर हातानं सपासप सडा मारायचा, हे तिचं लग्न होऊन आल्यापासून चाललेलं. खाली माती होती तिथं आता काळं डांबर आलं, हे जणू तिच्या हाताला कोणी कळवलंच नव्हतं. सडा झाला की त्यावर चार ठिपक्यांची का होईना रांगोळी. सबंध पोलादपुरात डांबरावर सडा घालणारी बाई एकटी माझी आई. महाडकडून येणारी पहिली एसटी त्या रांगोळीवरून जायची आणि दिवसभर लाकडाचे, कौलांचे, मिठाचे ट्रक जायचे. संध्याकाळपर्यंत तिथं काही शिल्लक राहत नसे. समोरच्या किराणा दुकानातल्या काशीकाकू दारातून ओरडायच्या, "अहो वहिनी, रस्त्याला सारवताय होय? उद्या गोव्यापर्यंत जाल!" आई हसायची. बाबाही तेव्हा हसायचे. "घालू दे गो काकू," म्हणायचे, "रस्ता तिच्याच अंगणात हाय." तेव्हा त्यांना त्याचं कौतुकच होतं, हे मी मुद्दाम लिहून ठेवते. नंतर त्यांनी जे सोंग आणलं ते पाहता ही गोष्ट कोणाला खरी वाटणार नाही.

बाबा वाईट माणूस होते असं मी म्हणणार नाही. वाईट असते तर बरं झालं असतं, एकदाच शिव्या घालून मोकळी झाले असते. संध्याकाळी कामावरून आले की ओटीच्या पायरीवर बसायचे आणि आई त्यांच्या हातावरचं डांबर रॉकेलच्या फडक्यानं काढायची. मग खोबरेल तेल चोळायची, कारण रॉकेलनं कातडी तडकत असे. तेवढ्या वेळात ते दिवसभराच्या गोष्टी सांगायचे. कोणत्या वळणावर दरड आली, कशेडी घाटात कोणता ट्रक उलटला, ओव्हरसियर कसा नुसता छत्रीखाली उभा राहतो. सांगायची धाटणी अशी की चुलीवर भाकरी करपली तरी ऐकत राहावं. चुलीवर नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, सुकट भाजलेली असली तर तिचा वास पार दुकानापर्यंत. जेवताना बाबा सुकटीतलं डोकं माझ्या ताटात टाकायचे आणि म्हणायचे, "खा, डोकं चालेल तुझं." मी अभ्यासात बरी होते म्हणून ही चेष्टा.

बरी म्हणजे खरंच बरी होते. आणि घोडं तिथंच अडलं होतं. आमच्या शाळेत वर्ग सातवीपर्यंतच. पुढे शिकायचं तर महाडला, आणि एकट्या मुलीनं रोज एसटीनं महाडला जायचं हे तेव्हा आमच्यात कोणाच्या डोक्यातही आलं नसतं. महाडला ना नात्याचं घर, ना ओळखीचं. एकच वाट होती. बाबा मुकादम म्हणवून घ्यायचे खरे, पण नोकरी कायम नव्हती. आज आहे, उद्या नाही, साहेबाच्या मर्जीवर. कायम झाले असते तर त्यांना महाडच्या डेपोवर नेमणूक आणि राहायला सरकारी खोली मिळणार होती. म्हणजे बाबा कायम तर मी शाळेत. नाही तर सातवीनंतर घरात बसून शेण थापायचं आणि दोन-तीन वर्षांत कोणाच्या तरी गळ्यात माळ घालायची. माझ्या मैत्रिणींचं तेच झालं. त्यांतल्या दोघी अजून भेटतात. मला "बाई" म्हणतात, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

त्या वर्षी मोठे साहेब मुंबईहून एक नवं खूळ घेऊन आले. बाजाराच्या टोकाला महाबळेश्वरचा रस्ता येऊन मिळतो. तिथं गाड्या समोरासमोर येऊन धडकायच्या. रस्त्याच्या मधोमध पांढरी रेघ मारली तर ज्यानं त्यानं आपापल्या बाजूनं जावं, हा हिशेब. पण चुन्याची रेघ काय नि रंगाची रेघ काय, कोकणातल्या पावसापुढे त्यांचं डोंबल चालतंय! आषाढ संपेपर्यंत रस्ता पुन्हा काळा कुळकुळीत. साहेबांचं म्हणणं असं की राळ, पांढरी पूड आणि बारीक वाळू एकत्र वितळवायची आणि ती उकळती रेघच डांबरावर ओतायची. उकळत्या रसानं खालचं डांबर जरा मऊ होतं, दोन्ही एकमेकांत धरतात, आणि थंड झाल्यावर रेघ रस्त्याचाच भाग होऊन बसते. गडी तिला 'गरम पट्टी' म्हणायचे. नाक्यापासून ओढ्याच्या पुलापर्यंत नमुन्याची पट्टी ओतायची असं ठरलं, म्हणजे बरोबर आमच्या दारावरून. काम बाबांच्या हाती आलं. साहेबांनी सगळ्यांदेखत सांगितलं, "मुकादम, ही पट्टी नीट बसली तर तुमचा कायमचा कागद मी स्वतः पुढे पाठवतो. फक्त एक लक्षात ठेवा. रस्ता झाडलेला हवा आणि कोरडा हवा."

मग काय विचारता! घरात सण असल्यासारखं झालं. पट्टी ओतायला बुडाला फट असलेली पत्र्याची पेटी केली होती. ती दोरीच्या कडेनं एका चालीत ओढायची, हात अडखळला की रेघ वाकडी. बाबा ती रिकामी पेटी घरी घेऊन आले आणि ओटीवर या टोकाकडून त्या टोकाकडे ओढायचा सराव करू लागले. खर्र, खर्र. ओटीचं सारवण सगळं खरवडून निघालं. आईनं ती पुन्हा सारवली आणि त्यांनी ती पुन्हा खरवडली. आई पदर तोंडाला लावून हसत होती. मला वाटतं, तिला इतकं हसताना मी नंतर कधी पाहिलं नाही.

आदल्या दिवशी संध्याकाळी गड्यांनी रस्त्याच्या मधोमध खिळे ठोकून दोरी ताणून ठेवली. बाबा खुशीत घरी आले. मी उंबऱ्यात बसून तांदूळ निवडत होते आणि आई त्यांच्या हाताचं डांबर काढत होती. बाबा म्हणाले, "ऐक गो. उद्या सडा नीट घाल. तुझं ते अर्धवट नको, पार मधल्या दोरीपर्यंत घाल. साहेब नारळ आपल्याच दारात फोडनार हाय. चांगली मोठी रांगोळी काढ." आईचा हात थांबला. ती म्हणाली, "वल्ल्यावर चालंल काय तुमचं काम? साहेब कोरडं म्हनत व्हतं ना?" बाबा म्हणाले, "येडी हायस. काम सुरू व्हनार नाक्यावरनं. आपल्या दारापर्यंत येस्तवर दुपार व्हईल, ठणठणीत सुकंल. शुभ कामाला सडा नको होय?" हे शब्द मी या कानांनी ऐकले. पुढे साऱ्या जन्मात मला ते कोणी विसरू दिले नाहीत, आणि मी विसरायचं ठरवलंही नाही.

आईनं दुसऱ्या दिवशी घातला तसा सडा पोलादपुरात कोणी घातला नसेल. ताजं शेण, दाट कालवलेलं, ओटीच्या पायरीपासून मधल्या दोरीपर्यंत. त्यावर कमळांची रांगोळी. साहेबांनी पायातले बूट काढून नारळ फोडला आणि म्हणाले, "वा, मुकादम, घर मोठं संस्कारी आहे तुमचं." बाबांची छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं जातील. मग नाक्यावर काहिलीखाली जाळ पेटला आणि राळेचा वास सुटला. देवळात धूप घातल्यासारखा वास, पण घशाला झोंबणारा. बाबा डोक्याला फडकं बांधून पेटी ओढत पुढे आणि गडी डावानं रस ओतत मागे. काळ्या रस्त्यावर ती पांढरी शुभ्र पट्टी सरकत सरकत आमच्या दाराशी आली तेव्हा दुपार झाली होती. बाबांनी सांगितल्याप्रमाणे सडा ठणठणीत वाळला होता. खराट्यानं वरवर झाडून घेतलं आणि पट्टी पुढे गेली. आमच्या दारासमोर पट्टीवर बारीक बारीक फोड आल्यासारखे दिसले. एका गड्यानं दाखवलेही. बाबांनी हात उडवला, "हवा धरली असंल. बसंल."

संध्याकाळी आईनं नारळाच्या रसातल्या शेवया केल्या. बाबांनी दोनदा मागून घेतल्या आणि महाडच्या खोलीचं वर्णन सुरू केलं. दोन खिडक्या आहेत, नळ दाराशी आहे, शाळा हाकेच्या अंतरावर आहे. मी त्या दोन खिडक्यांतली एक मनातल्या मनात स्वतःसाठी ठेवून घेतली. तिथं बसून अभ्यास करायचा, असं.

परवा वीर स्टेशनवरून रिक्षानं घरी येत होते, तर नव्या चौपदरी रस्त्यावर पट्ट्या मारायचं काम चाललेलं. मी रिक्षा थांबवली. रिक्षावाला म्हणाला, "काय झालं मावशी, मळमळतंय काय?" म्हटलं, नाही रे बाबा, जरा बघू दे. दोन पोरं गॅसच्या टाकीवर पांढरी पूड वितळवत होती आणि एक पोरगा पुढे यंत्रानं वारा मारून रस्त्यावरचा कणन् कण उडवत होता. मी त्याला विचारलं, "धूळ राहिली तर काय होतं?" तो म्हणाला, "धरत नाय आजी. पापडासारखी उचलते." सरळ सांगितलं बिचाऱ्यानं. तेवढं एक वाक्य तेव्हा कोणाला ठाऊक असतं तर! पण ते कोणालाच ठाऊक नव्हतं, साहेबांनाही नाही. त्यांनी झाडलेला आणि कोरडा हवा म्हणून सांगितलं होतं, आणि रस्ता खराट्यानं झाडलेलाही होता आणि कोरडाही होता. चूक कोणाचीच नव्हती हो. खरं दुखतं ते हेच.

दोन-चार दिवसांत आमच्या दारासमोरची पट्टी उचलली. आधी कडा सुटल्या, मग ट्रकच्या चाकांना चिकटून तुकडे निघायला लागले. बाजारातली पोरं त्या तुकड्यांनी टिक्कर खेळायची. बाकी सगळी पट्टी, नाक्यापासून आमच्या दाराच्या अलीकडपर्यंत आणि घर ओलांडल्यावर थेट पुलापर्यंत, खिळ्यानं उकरली तरी निघत नव्हती. फक्त आमच्या दारात, अंगणाच्या रुंदीएवढ्या जागेत, रस्ता पुन्हा काळा. बाबांच्या तोंडचं पाणी पळालं. सुटलेल्या कडांवर ते दगड ठेवून बघायचे आणि ट्रक आला की दगड उचलायला धावायचे. आई ओटीवरून बघत असायची. तिनं त्या दिवसांत सडा घातला नाही. तिला कळलं होतं. त्यांनाही कळलं होतं, असं मला वाटतं.

मग साहेब पाहणीला आले, सोबत ओव्हरसियर. ओव्हरसियरचा बाबांवर आधीपासून डोळा होता, त्याला त्यांच्या जागी आपला माणूस बसवायचा होता. त्यानं खाली वाकून पट्टीचा एक तुकडा उचलला, उलटा केला आणि साहेबांच्या पुढे धरला. पाठीला हिरवट-पिवळा थर चिकटलेला, त्यात गवताच्या काड्या. साहेबांनी वास घेतला. "मुकादम, हे शेण आहे?" बाजार थबकला. दुकानातली गिऱ्हाइकं बाहेर आली. ओव्हरसियर म्हणाला, "साहेब, ज्याला रस्ता साफ करून घेता येत नाही त्याला कायम करायचं? दुसरा माणूस बघू या." मी उंबऱ्यातून बघत होते. आणि मग बाबांनी वळून आमच्या घराकडे बोट केलं.

"साहेब, माझा काय गुन्हा नाय," बाबा म्हणाले. "बायको अडानी हाय. लाख वेळा बजावलं, रस्त्यावर सडा घालू नको, कामाची जागा हाय. ऐकत नाय. माझ्या मागं घातला तिनं." आई पिठाच्या हातानं ओटीवर आली होती. माझ्या अंगाचा असा भडका उडाला की काही कळलंच नाही. मी पायरी उतरून थेट रस्त्यावर गेले आणि सगळ्यांदेखत ओरडले, "खोटं! बाबांनीच सांगितलं होतं! आई नको म्हणत—" पुढचं तोंडातच राहिलं. आईनं मागून येऊन माझ्या थोबाडीत मारली. पिठाचा हात, गालावर पीठ उठलं. त्याआधी तिनं माझ्यावर कधी बोट उचललं नव्हतं. "मोठ्यांच्या मधी तोंड घालतीस, कारटे? चल आत!" मला मागे ढकलून ती साहेबांच्या समोर पदर डोक्यावर घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "चुकलं साहेब माझं. मीच घातला. यान्ला काय बी ठाव नव्हतं."

साहेब हसले. रागावले असते तर परवडलं असतं, पण ते अगदी पोट धरून हसले. "म्हणजे तुम्ही सरकारी रस्ता सारवलात!" त्यांच्या हसण्यानं बाजाराला परवानगी मिळाली आणि सगळे हसले. ओव्हरसियरलाही हसावं लागलं, आणि तिथंच त्याचा डाव फसला. साहेब म्हणाले, "जाऊ दे मुकादम. बायकांपुढे आपलं कोणाचं चालतं? तेवढा भाग खरवडून घ्या आणि पुन्हा ओता." इथं गोष्ट संपायला हरकत नव्हती. गडी उभे होते, त्यांनी घटकाभरात खरवडलं असतं. पण बाबांना आता आपलं म्हणणं पक्कं करून दाखवायचं होतं. ते म्हणाले, "गडी कशाला साहेब? जिनं केलं तीच काढील."

आणि तिनं काढलं. हातात खुरपं घेऊन माझी आई मुंबई-गोवा रस्त्याच्या मधोमध उकिडवी बसली, वर चैत्राचं ऊन, आणि राहिलेली पट्टी आणि खालचं शेण बोटाबोटानं खरवडू लागली. एरवी उंबऱ्याबाहेर पदर ढळू न देणारी बाई. दोन्हीकडून गाड्या यायच्या, क्लीनर ओरडायचे, "ए बाय, मरायचं हाय काय?" ती उठून बाजूला व्हायची आणि गाडी गेली की परत बसायची. साहेब निघून गेले तरी बाबा नाक्यावरच थांबले, घराकडे फिरकले नाहीत. मी खिडकीच्या गजांना धरून रडत होते, रागानं, कारण आईनं मला आत कोंडून बाहेरून कडी घातली होती. काशीकाकू तेवढ्या आल्या. इतकी वर्षं चेष्टा करणाऱ्या काशीकाकू. घरातलं उलथनं घेऊन आल्या आणि तिच्या शेजारी बसून खरवडू लागल्या. "उठा काकू, लोक बघतात," आई म्हणाली. "बघू देत मेल्यांना," काकू म्हणाल्या, "त्यांच्या घरी काय बायका नाहीत?"

पट्टी पुन्हा ओतली गेली. या वेळी धरली, पावसाळाभर टिकली. बाबा कायम झाले. आईनं पट्टी खरवडली त्याच संध्याकाळी त्यांनी तिच्यासाठी बाजारातून खाजा आणला होता, पुडी तिच्या पुढ्यात ठेवली. आईनं ती उचलून फळीवर ठेवली. तिला मुंग्या लागल्या, मग आईनंच ती बाहेर टाकली. आम्ही महाडला गेलो. खोलीला दोन खिडक्या होत्या, खोटं नाही. मी त्यातल्या एकीत बसून अकरावीपर्यंत अभ्यास केला, शिक्षिका झाले, चाळीसेक वर्गांना शिकवलं, आणि आज हे लिहिते आहे ते त्याच जोरावर. महाडच्या त्या खोलीपुढे हातभर का होईना मातीची जागा होती. शेजारणी तिथं रोज सडा घालायच्या. आईनं घातला नाही. दिवाळीतसुद्धा नाही. रांगोळीचा डबा तिनं पोलादपुरातच टाकून दिला होता.

आणि बाबा? बाबांनी त्याची गोष्ट केली. सांगायची कला होतीच अंगात. डेपोत, लग्नात, पूजेला, चार माणसं जमली की, "आमच्या मंडळींनी सरकारी रस्ता सारवला, ठाव हाय?" तिथून सुरू. साहेबांचा आवाज काढायचे, शेणाचा वास घेऊन दाखवायचे. पाहुणे हसून हसून लोळायचे. आई त्याच वेळी चहाचे कप घेऊन आत यायची, आणि लोक तिच्याकडे बघून आणखी हसायचे. पहिल्यांदा ते लाजेनं सांगत असतील, झाकपाक म्हणून. पण पुढे पुढे त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला. नोकरीतून निवृत्त झाले त्या दिवशी हार गळ्यात घालून त्यांनी हीच गोष्ट सांगितली. मी उठून बाहेर गेले. लोकांना वाटलं, मुलीला भरून आलं.

माझी नोकरी लागली तेव्हा मी आईला एकदाच विचारलं होतं. "मला का मारलंस त्या दिवशी? मी खरंच बोलत होते ना?" ती वाल सोलत होती. म्हणाली, "खरं बोलत व्हतीस म्हनून तर मारलं. तुझा बापूस खोटा पडला असता तर कुठली शाळा नि कुठलं महाड? शेण थापत बसली असतीस." मी म्हटलं, "आणि तुझं काय?" "माझं काय?" ती म्हणाली. "माझं अंगण आधीच गेलं व्हतं." आणि सोललेले वाल पाण्यात टाकून उठली.

निवृत्तीनंतर दोघं पोलादपूरच्या घरी परतली, आणि बाबा तिथंच गेले. फार हाल झाले नाहीत. त्यांना उचलून नेलं तेव्हा बरीच माणसं होती, रस्त्याची जुनी गँग होती, काशीकाकू काठी टेकत आल्या होत्या. तिरडी ओटीवरून उतरली, रस्त्यावर आली, मधली पांढरी पट्टी ओलांडली आणि ओढ्याच्या दिशेनं गेली. प्रेत गेलं की मागे घर झाडायचं, दारात शेणाचा सडा घालायचा, ही आमच्याकडची रीत. एका शेजारणीनं बादली कालवून आणली. आईला बायकांनी कोपऱ्यात बसवलं होतं, कपाळ पुसलेलं, डोळे कोरडे. ती उठली. कोणाला काही कळायच्या आत तिनं शेजारणीच्या हातून बादली घेतली आणि पायरी उतरली.

इतक्या वर्षांनी तिचा हात तसाच चालला, सपासप. पायरीपाशी, मग पुढे, मग आणखी पुढे. डांबरावर आली तरी थांबेना. एक ट्रक आला, त्यानं कचकन ब्रेक मारला, मागे गाड्यांची रांग लागली, भोंगे वाजू लागले. बायका धावल्या. "अगो, दुःखानं भरमिष्ट झाली," कोणी तरी म्हणालं. शेजारणीनं तिचा दंड धरला, "वयनी, दारातच घालायचा असतो. रस्त्यावर कशाला?" आईनं हात सोडवून घेतला. बादलीत उरलेलं पाणी पांढऱ्या पट्टीवर ओतलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"त्यान्नीच सांगितलं व्हतं. पार मधल्या दोरीपर्यंत घाल म्हनून."